क्लाऊडवरचा डेटा राहतो कुठे?



१० सप्टेंबर २०२४, मंगळवार. गणपती बसून तीन दिवस झाले होते. त्या सकाळी इथे सिंगापूरच्या लोयांग भागात, डिजिटल रिअल्टी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. अलीबाबा क्लाऊडचा एक 'झोन' त्याच इमारतीत होता. तिथल्या सेवा विस्कळीत झाल्या आणि सगळे पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागले. त्या आठवड्यात आरतीनंतर प्रसाद घेताना आम्हा आयटीवाल्यांना एकच प्रश्न ऐकू यायचा : "आमचे फोटो क्लाऊडवर आहेत, ते राहतील ना?"

क्लाऊड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक. सिंगापूरसारख्या एका 'रीजन'मध्ये (ॲमेझॉनने इथला रीजन २०१० साली सुरू केला) असे अनेक झोन असतात. प्रत्येकाची इमारत वेगळी, वीजपुरवठा वेगळा. आपला डेटा किती झोनमध्ये आहे, हे तो कोणत्या प्रकारच्या स्टोरेजमध्ये ठेवला आहे त्यावर बरेचसे अवलंबून असते.

पहिला प्रकार ब्लॉक स्टोरेज, म्हणजे भाड्याने घेतलेली हार्ड डिस्क. सारख्या मापाचे, नंबर घातलेले खण; आत लग्नाचा फोटो आहे की बँकेची खतावणी, हे डिस्कला ठाऊक नसते. एक आकडा बदलायचा तर तेवढाच खण पुन्हा लिहिला जातो, म्हणून हे स्टोरेज वेगवान आणि डेटाबेससाठी उत्तम. मात्र ही डिस्क सहसा एकाच झोनमध्ये राहते. ॲमेझॉनची ईबीएस ही सेवा (२००८) डिस्कच्या प्रती ठेवते, पण त्याच झोनच्या आत. झोन बंद पडला की डिस्कही बंद! म्हणून तिचे 'स्नॅपशॉट' बाहेर ठेवावे लागतात. हे काम आळसाने राहून जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दुसरा, फाईल स्टोरेज, सर्वांच्या ओळखीचा : फोल्डरमध्ये फोल्डर, ऑफिसातल्या शेअर्ड ड्राईव्हसारखा. अनेक मशीन एकाच वेळी तो उघडू शकतात.

तिसरा ऑब्जेक्ट स्टोरेज. रेल्वे स्टेशनवरची क्लोकरूम आठवा. सामान द्यायचे, टोकन घ्यायचे. बॅग कुठल्या फळीवर ठेवली याची चौकशी करायची नाही. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एसथ्री सुरू केले ते याच पद्धतीचे. इथे खरे फोल्डर नसतातच, जे दिसतात तो नावाचाच भाग असतो. फाईलमधली एखादी ओळ बदलता येत नाही, पूर्ण नवी फाईल ठेवावी लागते. त्या बदल्यात जागा हवी तेवढी, दर कमी, आणि एसथ्रीच्या नेहमीच्या प्रकारात डेटा किमान तीन झोनमध्ये ठेवला जातो. फोटो, व्हिडिओ, बॅकअप यांसाठी हीच जागा योग्य. फोटो सांभाळणाऱ्या मोठ्या सेवाही साधारण याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे एक इमारत जळली म्हणून आपला अल्बम गेला, असे सहसा होत नाही.

ऑब्जेक्ट स्टोरेजला एक माळाही असतो. (एचडीबीच्या घरात माळा नसतो, तिथे बॉम्ब शेल्टरच ते काम करते!) वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली जशी वर टाकतो, तसा क्वचित लागणारा डेटा 'आर्काइव्ह'मध्ये टाकायचा. भाडे अगदी कमी, पण खाली काढायला वेळ : एसथ्रीच्या सर्वांत स्वस्त प्रकारात साधारण १२ तास, आणि आणखी पैसे वाचवायचे असतील तर ४८ तासांपर्यंत.

तीन झोन असले तरी एका गोष्टीपुढे उपयोग नाही, ती म्हणजे आपलाच हात. आमच्याच घरी फोन भरला म्हणून आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ फोनमधून काढून टाकला, 'क्लाऊडवर आहे की' असे म्हणत. पण तो बॅकअप नव्हता, सिंक होता. सिंकमध्ये इथे पुसले की तिथेही पुसले जाते, तिन्ही ठिकाणी, अगदी इमानदारीने. पुसलेल्या फाईली काही दिवस ट्रॅशमध्ये राहतात, पण आम्हाला आठवण झाली तोवर ती मुदत उलटून गेली होती.

व्हिडिओ सापडला तो पुण्याला, आत्याच्या कपाटातल्या जुन्या पेन ड्राईव्हवर. आता त्याची एक प्रत इथल्या हार्ड डिस्कवर आहे, एक क्लाऊडवर सिंक बंद करून, आणि पेन ड्राईव्ह आत्याने परत द्यायला नकार दिला आहे.