लूट : एका शब्दाचा प्रवास

मंडळी, दसऱ्याला आपण सोनं लुटतो. पानं आपट्याची, पण म्हणताना सोनं लुटलं असंच म्हणतो. संक्रांतीला घरातली सून वाण लुटते, म्हणजे आलेल्या बायकांना ते आनंदाने वाटते. आणि वाटेत दरोडेखोरांनी वाण्याला लुटलं, असंही आपणच म्हणतो. देणंही लुटणं आणि हिसकावणंही लुटणं. आपल्याला यात काही अडचण वाटत नाही, कारण कोण कुणाला लुटतो आहे हे पाहून आपण अर्थ लावतो.

गुरुजी, तुमच्या इंग्रजीच्या तासाला हा शब्द कधीतरी पुढे येईल. 'लूट' हे इंग्रजी क्रियापद आहे आणि नामही आहे. एखादा चुणचुणीत मुलगा उठून म्हणेल, "गुरुजी, हा तर आपलाच शब्द!" त्याचं खरं आहे. संस्कृतात 'लुंठ्' धातू आहे. त्याच कुळातून आपलं लुटणं आलं, तशीच हिंदीतली लूटही आली. कंपनी सरकारच्या छावण्यांतून हा शब्द साहेबाच्या तोंडी बसला. १७८८ साली लंडनला हिंदुस्थानी शब्दांचा एक लहानसा कोश छापला गेला, त्यात तो आहे. त्या वेळी मात्र त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत होता.

आता प्रश्न असा, की इंग्रजांना दुसऱ्याचा शब्द उसना घेण्याची गरज काय पडली? त्यांच्याकडे असे शब्द थोडेथोडके नव्हते. एक होता 'रॉब'. तो फ्रेंचांकडून आला. त्याचं मूळ आणि 'रोब' म्हणजे अंगरखा याचं मूळ एकच. हरलेल्याच्या अंगावरचे कपडे काढून घेत, तेव्हाची ही आठवण. दुसरा 'सॅक'. सॅक म्हणजे पोतं. जिंकलेलं शहर शिपायांच्या हवाली करायचं, आणि ज्याच्या पोत्यात मावेल ते त्याचं. तिसरा 'प्लंडर'. हा जर्मनीतला. तिकडे १६१८ पासून तीस वर्षं युद्ध चाललं, गावंच्या गावं ओस पडली. घरातल्या किडूकमिडूक सामानाला जर्मन लोक प्लंडर म्हणत. तेच शिपाई उचलून नेत. १६४२ मध्ये इंग्लंडात यादवी सुरू झाली, तेव्हा हा शब्द तिकडे घरोघर माहीत झाला. पाहा, प्रत्येक शब्दाच्या पाठीशी कुणाचं तरी उघडं पडलेलं घर आहे.

पण या सगळ्यांपेक्षा वेगळा असा एक शब्द होता, 'प्राइज'. आज शाळेत पहिल्या नंबराच्या मुलाला मिळतं ते प्राइज. लष्करी कायद्यात मात्र त्याचा अर्थ होता, लढाईत शत्रूकडून हाती आलेली मालमत्ता. फरक कसा तो एका उदाहरणाने सांगतो.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. त्या रात्री गोऱ्या शिपायांनी शहर धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्लीने शहराचा ताबा घेतला आणि शिस्त बसवण्यासाठी काहींना फाशी दिलं, काहींना फटके मारले. हे झालं प्लंडर. मग टिपूचा खजिना मोजायला अधिकाऱ्यांची कमिटी बसली आणि हुद्द्याप्रमाणे वाटणी झाली. सेनापती हॅरिसला एक लाखाहून अधिक पौंड मिळाले, साध्या शिपायाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे झालं प्राइज. घर एकच, मालही एकच. पण शिपायाने उचललं तर फाशी, आणि सेनापतीने घेतलं तर त्याची रीतसर पावती.

आपल्या पुण्याचीही हकीकत अशीच आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणं घेतलं. पेशव्यांच्या पदरी नारो गोविंद औटी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्याकडची मोठी रक्कम १८१८ साली जप्त झाली. ती आमची खाजगी आहे, असं म्हणून त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी दावा लावला. मुंबईच्या न्यायालयात ते जिंकले. पण १८३० मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही युद्धातली जप्ती आहे, कोर्टाला तिच्यात हात घालता येत नाही, असं त्यांनी ठरवलं. दख्खनच्या या साऱ्या पैशाला नाव पडलं 'डेक्कन प्राइज मनी'. तो कुणी किती घ्यावा यावर इंग्रज सेनापतींतच वर्षानुवर्षं भांडण चाललं. आणि त्या पैशाचे एक विश्वस्त कोण होते? श्रीरंगपट्टणला शिपायांना फासावर चढवणारे तेच आर्थर वेलस्ली. तोवर ते ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले होते.

पुढे १८५८ साली लखनौचा कैसरबाग लुटला गेला आणि 'लूट' हा शब्द विलायतेच्या वर्तमानपत्रांतून सर्रास दिसू लागला. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी महाल लुटला. तिथे सापडलेलं एक चिमुकलं कुत्रं एका कप्तानाने व्हिक्टोरिया राणीला नजर केलं. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'लूटी'! ज्या शब्दाने आपल्याकडे गावात पळापळ व्हायची, तो राणीच्या महालात लाडाचं नाव होऊन बसला. इंग्रजांना हा शब्द का हवा होता, ते मला वाटतं इथे कळतं. प्लंडर म्हटलं की त्यांना स्वतःच्या बापजाद्यांची जळलेली घरं दिसत. लूट हा परका शब्द, त्यात थोडी गंमत आणि थोडं शौर्य मिसळता येत होतं.

आता जरा आपल्याकडे वळू. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली. इंग्रजी पुस्तकं तिथे 'प्लंडर' आणि 'सॅक' लिहितात, आणि १८१७-१८ चा पैसा मात्र 'प्राइज'. हे पाहून आपल्याला राग येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. मोगली फौजा तीन वर्षं पुण्यात तळ देऊन मुलूख तुडवत होत्या, हे सांगितल्याशिवाय सुरतेचा अर्थ लागत नाही. पण मंडळी, माप एकच पाहिजे. १७४२ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. आपल्या दप्तरांत ती चौथाईची मोहीम आहे. आपला बारगीर तिकडे 'बर्गी' झाला, आणि बंगाली आया त्याच्या नावाने पोरांना निजवू लागल्या. तिथल्या शेतकऱ्याला चौथाई आणि लूट यांतला फरक कुणी समजावून सांगितला असेल?

म्हणून गुरुजी, इतिहासाच्या पुस्तकात 'जिंकले', 'वसूल केले', 'जप्त केले', 'लुटले' असं क्रियापद आलं, की मुलांना तिथे थांबवा. घेतलं कुणी? गेलं कुणाचं? हा शब्द लिहिला, तो घेणाऱ्याने की गमावणाऱ्याने? एवढे तीन प्रश्न विचारायला लावा. इंग्रजी शब्दांतला बारीक भेद यातून कळेलच, आणि इतिहासही कळेल.

जाता जाता एक सांगतो. आपला शब्द विलायतेला गेला तो अर्धाच गेला. हिसकावण्याचा अर्थ जहाजात चढला, वाटून देण्याचा इथेच राहिला. येत्या संक्रांतीला घरात वाण लुटतील, तेव्हा पोरांना हा राहिलेला अर्थही दाखवा.