तळटीप : तळेऱ्याच्या बांधावरची टाचणी
* फोटोतल्या टाचणीचे डोळे लख्ख आणि शेपटी धूसर, हा छपाईचा दोष नव्हे. कीटक सेन्सरवर मूळ आकाराएवढाच (१:१) उमटवायचा, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ लाही स्पष्टतेची खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जेमतेम १ मिलिमीटर मिळते. ती वाढवायला भिंगाचे छिद्र फारच बारीक केले तर विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. शिवाय तळेऱ्याच्या श्रावणी अंधारात उजेड आणायचा कुठून? वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडता येतात, पण भाताची पात वाऱ्यावर डुलत असताना तो हट्ट फुकट. टाचणी बहुधा पंख मिटून बसते. कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरला, तर शेपटीपर्यंत बरेचसे स्पष्ट येते. लेखकाने मात्र ती समोरून टिपली आहे. — संपा.