नाताळ : तिथी, बाजार आणि गव्हाण

मराठीत ज्यास नाताळ म्हणतात त्या सणाचे नावच प्रथम पाहण्याजोगे आहे. हा शब्द गोव्याच्या वाटेने, पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आला. पोर्तुगीजांनी तो लॅटिनपासून घेतला, आणि लॅटिनमध्ये 'नातालिस' म्हणजे नुसता जन्मदिवस. मग तो कोणाचा का असेना. रोम शहरात इसवी सन ३५४ साली सिद्ध झालेला एक पंचांगसंग्रह आज उपलब्ध आहे. त्यात २५ डिसेंबरच्या पुढे 'अजिंक्याचा जन्मदिवस' असे लिहून त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती व्हावयाच्या अशी नोंद केली आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्य. त्याच संग्रहात ख्रिस्ती हुतात्म्यांच्या पुण्यतिथींची एक यादी आहे. ती ३३६ च्या सुमाराची असावी असे विद्वानांचे मत आहे. तिच्या आरंभीच, त्याच २५ डिसेंबरला, यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला असे नमूद आहे. एकाच बाडात, एकाच तारखेस, दोन जन्म!

शुभवर्तमानांत तर तिथीचा पत्ताच नाही. मार्क आणि योहान जन्मकथा सांगत नाहीत. मत्तय व लूक सांगतात, पण महिना सांगत नाहीत. पहिली दोनअडीचशे वर्षे ख्रिस्ती मंडळीला ही उणीव भासल्याचेही दिसत नाही. तिसऱ्या शतकातला पंडित ओरिजेन याने असे दाखवून दिले की, धर्मशास्त्रात वाढदिवस साजरा करणारे सापडतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे दुष्टच, साधुसंत नव्हेत. मग ही तारीख आली कोठून? एक पक्ष म्हणतो की, ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले; त्या सूर्याचा उत्सव ख्रिस्ती मंडळीने उचलून आपल्या प्रभूला वाहिला. दुसरा पक्ष म्हणतो की, ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चला झाला अशी जुनी समजूत होती. महापुरुष ज्या तिथीस देह ठेवतो त्याच तिथीस मातेच्या उदरी येतो या कल्पनेने नऊ महिने मोजले, की २५ डिसेंबर आपोआप हाती लागतो. या दोहोंपैकी एकच खरा असला पाहिजे असे नाही. पहिला पक्ष लोकांना फार आवडतो, कारण त्यात चोरी पकडल्याचा आनंद आहे. पण सूर्याचा उत्सव नेमका त्याच तारखेस ख्रिस्ती सणाच्या आधीपासून होत होता, याचा पुरावा त्या एका बाडाहून फारसा जुना नाही.

महाराष्ट्रातील वाचकास या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. सीझरच्या पंचांगात २५ डिसेंबर हा उत्तरायणाचा आरंभदिन मानला जाई. आपली मकरसंक्रांतही मुळात तोच दिवस. निरयन गणनेचा शून्यबिंदू इसवी सन २८५ च्या आसपास धरतात. म्हणजे ऑरेलियनच्या पिढीत संक्रांत खरोखरीच उत्तरायणारंभी येत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते आणि सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळून मोकळा झालेला असतो. म्हणून तिळगूळ कोणी टाकून देत नाही.

तिथीपेक्षा चालीरीतींचा प्रश्न अधिक नाजूक. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया १७ डिसेंबरपासून चाले. त्यात धनी गुलामांस मेजवानी देत, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या एकमेकांस भेट देत, आणि या बाहुल्यांचा म्हणून एक खास बाजारच भरत असे. सणावर दुकानदाराचे आक्रमण झाल्याची तक्रार आज करतात, त्यांनी हा बाजार ध्यानी घ्यावा. पाचव्या शतकात पोप लिओ याने नाताळच्याच प्रवचनात भाविकांची कानउघाडणी केली, कारण संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढता चढता ते मागे वळून उगवत्या सूर्यास नमस्कार करीत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने निराळे धोरण धरले. ६०१ साली इंग्लंडातील धर्मप्रचारकांस त्याने लिहून कळविले की, मूर्ती काढाव्यात पण देवळे पाडू नयेत; लोक बैल कापून जेवणावळी घालतात त्या घालू द्याव्यात, फक्त देवाचे नाव बदलावे. इतिहासाने लिओपेक्षा ग्रेगरीचे अधिक ऐकले.

हे ज्यांना मानवले नाही ते प्युरिटन. बायबलात जो सण नाही तो पाळावयाचा नाही, हा त्यांचा बाणा. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला, आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणारास पाच शिलिंग दंड होता. कायदा गेला तरी मनातली अढी गेली नाही. त्या प्रांतात नाताळची सरकारी सुट्टी सुरू व्हावयास १८५६ साल उजाडावे लागले. नगर जिल्ह्याच्या इतिहासात ही हकीकत एकदम जवळ येते. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगरास आपले ठाणे घातले, त्याची पालकसंस्था याच न्यू इंग्लंडच्या मंडळींतून उभी राहिली होती. म्हणजे ज्यांच्या मायदेशी २५ डिसेंबर हा चारचौघांसारखा कामाचा दिवस होता, ते लोक नगरच्या पांढरीत ख्रिस्ताची कथा पेरावयास आले. आणि पीक आले ते सणासकट!

असे का व्हावे, याचे उत्तर बॉस्टनमध्ये शोधून सापडणार नाही. ते भीमा आणि घोड या नद्यांच्या दुष्काळी टापूत सापडते. श्रीगोंदे तालुका हा त्या टापूचा गाभा. घोड नदीच्या पलीकडे शिरूरला मिशनचे ठाणे होते, उत्तरेस नगर. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा मुलूख होरपळून निघाला. या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग कुटुंबे बहुसंख्य होती. गावच्या सणात त्यांच्या वाट्यास काम होते, काही मानपानही होता; पंगत नव्हती. अशा माणसाला सण नको, केवळ शुद्ध सिद्धान्त घे, असे सांगणे सोपे नव्हे. ज्या दिवशी आपणही इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवावयास बसतो असा एक दिवस त्याला हवा होता. करंज्या आणि शंकरपाळ्या दिवाळीच्या म्हणून नाताळात चालू नयेत, असे त्याच्या घरच्या बाईला कधी वाटले नाही. दारावरच्या चांदणीच्या कंदिलात आकाशकंदील ओळखू येतो याची तिला लाजही वाटली नाही. जातीचा पीळ मात्र बाप्तिस्म्याने एकदम सुटला असे म्हणता येत नाही. तो नव्या मंडळीतही पुष्कळ काळ राहिला, आणि एका पंगतीस बसणे हीच तेथे सणाची खरी कसोटी ठरली.

येथे खर्चाचा प्रश्न उपस्थित होतो. गरिबाने सणासाठी ऋण काढावे काय? १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध जो दंगा पेटला तो लवकरच नगर जिल्ह्यात पसरला, आणि श्रीगोंदे, पारनेर, नगर व कर्जत या तालुक्यांत कुळांनी सावकारांकडील रोखे मागून जाळले. पुढे सरकारने चौकशी-मंडळ नेमले. शेतकरी लग्नकार्यात आणि सणावारात पैसा उधळतो म्हणून बुडतो, हे मत त्या काळी सर्वत्र रूढ होते. मंडळाने हिशेब तपासून असा निर्वाळा दिला की, या कारणास वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. तो खर्च कर्जात भर घालतो, पण कर्जाचे मूळ क्वचितच असतो. सणाच्या उधळपट्टीवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी हा निर्वाळा अवश्य वाचावा. काटकसरीचा उपदेश बहुधा ज्यास गरज नाही त्यासच केला जातो.

खरी उधळपट्टी कोठे वाढली ते पाहावयाचे तर मोठ्या शहरांकडे वळावे. १८४३ हे साल या दृष्टीने मौजेचे आहे. त्याच वर्षी डिकिन्सची नाताळची प्रसिद्ध गोष्ट लंडनला छापली गेली आणि हातोहात खपली. त्याच वर्षी त्याच शहरात विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळचे कार्ड निघाले. गोष्ट कंजूष धनिकाच्या हृदयपालटाची, कार्ड एका शिलिंगाला एक! १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजविलेल्या झाडाभोवतीचे चित्र एका सचित्र साप्ताहिकात आले आणि जर्मनांची ती चाल इंग्रजी मध्यमवर्गाने उचलली. संत निकोलस हा चौथ्या शतकातला आशिया मायनरचा बिशप. डच वसाहतवाल्यांबरोबर तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथील चित्रकारांनी व जाहिरातदारांनी त्याला लठ्ठ, हसरा, तांबड्या झग्याचा म्हातारा करून सोडले. १९३९ मध्ये तर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या आधीचा आभारप्रदर्शनाचा राष्ट्रीय दिवस एक आठवडा अलीकडे आणला, तो व्यापाऱ्यांना विक्रीस अधिक दिवस मिळावेत म्हणून. पंचांग बदलण्याचा अधिकार पूर्वी सीझरास होता. तो दुकानदाराकडे गेला.

या साऱ्या गदारोळात मूळ कथा अगदी लहान आहे. बादशहाने नावनिशी करण्याचा हुकूम काढला. एक सुतार आपल्या गरोदर पत्नीला घेऊन बापजाद्यांच्या गावी गेला. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मूल गव्हाणीत निजविले. आणि वार्ता प्रथम पोहोचली ती रात्री मेंढरे राखणाऱ्या लोकांना. बैल व गाढव लूकच्या कथेत नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून मागाहून येऊन उभे राहिले. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली खरी गव्हाण मांडून नाताळची उपासना केली. सणाच्या इतिहासात याइतका नेमका विचार दुसरा आढळत नाही, कारण त्याने सोन्यारुप्याखाली दडलेले दारिद्र्य पुन्हा वर काढले. श्रीगोंद्याकडच्या माणसाला गव्हाण म्हणजे काय हे चित्र काढून दाखवावे लागत नाही, आणि सुगीनंतर रानात मेंढरे बसवून रात्र जागविणारा धनगरही त्याला परका नाही.

बाहेरचे रूप आणि आतला अर्थ यांचा झगडा श्रीगोंद्यास मिशनरी येण्याच्या दोनशे वर्षे आधी एकाने मांडून ठेवला होता. शेख महंमद हे मुसलमान कुळात जन्मलेले सतराव्या शतकातील संतकवी. मालोजी भोसले यांनी त्यांना या गावी आणून मठ बांधून दिला असे परंपरा सांगते. 'योगसंग्राम' या ग्रंथात त्यांनी मनुष्याच्या अंतरातल्या युद्धाचे वर्णन मराठी ओवीत केले, आणि दोन्ही समाजांतील पोकळ कर्मकांडावर व ढोंगी गुरूंवर सारखेच कोरडे ओढले. ओवी त्यांनी ज्ञानदेवांच्या परंपरेतून घेतली. ती उसनी म्हणून त्यांचा अनुभव उसना झाला नाही. तिकडे गोव्यात त्याच शतकाच्या आरंभी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने 'ख्रिस्तपुराण' छापले, तेही ओवीतच.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीने हीच वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली; टाळ, मृदंग, पूर्वरंग आणि आख्यान, सारे काही जसेच्या तसे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या प्रयत्नास कवी लाभला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. नगर आणि राहुरी येथे राहून त्यांनी रचलेली भजने नाताळच्या रात्री खेडोपाडी गाइली जाऊ लागली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही त्यात बसावेत अशी योजना केली. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' आरंभीच थांबले होते. पुढचा बहुतेक सर्व भाग लक्ष्मीबाईंनी रचला. सोवळ्यात वाढलेल्या या बाईंनी पतीच्या धर्मांतरानंतर आपली चूल कित्येक दिवस वेगळी ठेवली होती; मग जातिभेद मनातून गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. शाळा म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. लिहिणेवाचणे त्या लग्नानंतर नवऱ्याजवळ शिकल्या होत्या.