जुन्या ट्रकच्या क्लचमधली धूळ

१/ १९५०च्या दशकातला एखादा डॉज किंवा टाटा-मर्सिडीज ट्रक दुरुस्तीला आला आणि त्याचा गिअरबॉक्स खाली उतरवला, की बेलहाउसिंगच्या तळाशी करड्या रंगाची बारीक धूळ साचलेली दिसते. कित्येक दशके जगभरचे मेकॅनिक ती हवेच्या नळीने उडवून लावत आणि पुढच्या कामाला लागत. ही धूळ आली कुठून, आणि तिचा धोका ठाऊक असूनही गॅरेजपर्यंत इशारा पोहोचायला इतका उशीर का झाला, याचा हा इतिहास.

२/ प्रथम यंत्र समजून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. मधल्या काळात गती टिकवण्याचे काम फ्लायव्हील हे बिडाचे जड चाक करते. कुंभाराचे चाक एकदा दांड्याने जोरात फिरवले की बराच वेळ आपल्याच वजनाने फिरत राहते. तत्त्व तेच.

३/ इंजिन चालू ठेवून गाडीची चाके थांबवायची, तर मध्ये सांधा हवा. तो सांधा म्हणजे क्लच. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात आणि पेडल दाबले की ही पकड सुटते. पेडल सोडताना मात्र दोन्ही पृष्ठभाग क्षणभर एकमेकांवर घासतात आणि तापतात. ती उष्णता सोसणारा पदार्थ कोणता, याच प्रश्नाभोवती क्लचचा इतिहास फिरतो.

४/ सुरुवातीच्या अनेक मोटारींत उत्तर होते चामडे. शंकूच्या आकाराच्या क्लचवर चामड्याचा पट्टा चढवलेला असे. चामडे कोरडे पडले की गाडी धक्के देई, म्हणून त्याला तेल पाजावे लागे. तेल जास्त झाले की क्लच घसरे आणि मग त्यावर मुलतानी माती भुरभुरत. हलक्या मोटारीला हे चालून जाई, पण माल लादलेला ट्रक चढावर न्यायचा तर चामडे करपत असे.

५/ दुसरे उत्तर इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातून आले. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्यांचे लाकडी ब्रेक टिकत नसत. हर्बर्ट फ्रूड या उद्योजकाने १८९७मध्ये सुती पट्ट्यांवर प्रक्रिया करून ब्रेकचे अस्तर बनवायला सुरुवात केली. ‘फेरोडो’ या कंपनीचा उगम इथला. पण मोटारीच्या वेगापुढे सूतही जळू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर त्याची जागा ॲस्बेस्टॉसने घेतली.

६/ ॲस्बेस्टॉस हे खनिज असूनही कापसासारखे कातता-विणता येते, जळत नाही आणि स्वस्तही पडते. त्याच्या धाग्यात पितळेची तार गुंफून विणलेली किंवा राळेत घट्ट दाबून बसवलेली लायनिंग ट्रकच्या क्लचला आदर्श ठरली. पुढे अर्धे शतक आणि त्याहून अधिक काळ क्लच लायनिंग म्हटले की ॲस्बेस्टॉस, असे समीकरणच होऊन बसले.

७/ हा धागा कातणाऱ्या कामगारांचे काय झाले? इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणाऱ्या नेली कर्शॉ १९२४मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी मृत्यू पावल्या. त्यांच्या फुप्फुसांत खनिजाचे कण आढळले. डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रकरण मांडले. कंपनीने मात्र भरपाईची जबाबदारी नाकारली.

८/ त्यानंतर ब्रिटिश सरकारने चौकशी करवली. मेरेवेदर आणि प्राइस यांच्या १९३०च्या अहवालानुसार तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांवर व्रण आढळले. १९३१मध्ये नियम झाले आणि धूळ शोषून घेणारी यंत्रणा बंधनकारक ठरली. पण हे नियम ॲस्बेस्टॉसच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांपुरते होते. तीच वस्तू झिजल्यावर तिची धूळ ज्यांच्या तोंडावर उडणार होती, ते गॅरेजमधले हात त्या नियमांच्या बाहेर राहिले.

९/ नेमक्या याच काळात ट्रक जगभर पसरला. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १९५४मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचे उत्पादन सुरू झाले. बोरघाटासारख्या चढणीवर, माल भरलेला ट्रक अर्धा क्लच दाबून रेटायचा म्हणजे प्लेट झिजणारच. तिची प्रत्येक झीज धूळ होऊन बेलहाउसिंगमध्ये साचत असे.

१०/ क्लच काढल्यावर फ्लायव्हील वाचावे लागते. निळे-तपकिरी डाग म्हणजे क्लच घसरून पृष्ठभाग तापल्याची खूण. अशा जागी बीड कडक होते आणि नवी प्लेट थरथरते. गोल चरे म्हणजे लायनिंग संपून रिव्हेट घासल्याची साक्ष. तेलाचा ओघळ दिसला तर इंजिनचे मागचे सील गळते की गिअरबॉक्सचे, हे आधी शोधायचे. नाहीतर नवी प्लेटही चिकट होऊन घसरते.

११/ बारीक तडे सर्वांत गंभीर. हजारो फेऱ्यांच्या वेगात तडकलेले फ्लायव्हील फुटले, तर त्याचे तुकडे ट्रकचा पत्रा भेदून जाऊ शकतात. खोल तडा असलेले चाक बदलायचेच. किरकोळ चरे लेथवर किंवा ग्राइंडिंगने काढता येतात. प्रेशर प्लेट बसण्याची कडा वेगळ्या पातळीवर असेल, तर तीही तेवढीच उतरवावी लागते. एरवी स्प्रिंगांचा दाब बदलतो. शेवटी डायल गेज लावून चाक वाकडे फिरत नाही ना, हे पाहायचे.

१२/ धुळीबद्दलचे ज्ञान दरम्यान वाढत होते. १९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. रुग्णांत खाणीत कधीच न उतरलेले, नुसते खाणीच्या परिसरात राहिलेले लोकही होते. तिथले ॲस्बेस्टॉस निळ्या जातीचे होते, क्लचमध्ये बहुधा पांढरे असे. पण सर्वच जाती कर्करोगकारक आहेत, असा निष्कर्ष पुढे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने दिला.

१३/ क्लचच्या उष्णतेत बरेचसे पांढरे ॲस्बेस्टॉस रूप बदलून निरुपद्रवी खनिज होते, हे खरे. पण सगळे होत नाही. काही तंतू धुळीत उरतात. अमेरिकेत १९९४च्या नियमांनी ब्रेक-क्लचची धूळ उघड्यावर हवेच्या झोताने उडवण्यास मनाई केली आणि ओल्या पद्धतीने किंवा विशेष गाळणीच्या यंत्राने सफाई सांगितली. नेली कर्शॉ यांच्या मृत्यूला तेव्हा ७० वर्षे झाली होती.

१४/ ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५पासून सर्वत्र लागू झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि कारखान्यांना आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे आदेश दिले. संपूर्ण बंदी मात्र इथे झालेली नाही.

१५/ म्हणून जुना ट्रक जिवंत ठेवणाऱ्यांनी पहिला पाना लावण्यापूर्वी ही तारीखवारी आठवावी. धूळ फुंकायची नाही, झाडायची नाही. ती पाण्याने भिजवून पुसायची, पुसलेली फडकी पिशवीत बंद करायची, योग्य मास्क लावायचा आणि कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. जुन्या प्लेटवर ॲस्बेस्टॉसविरहित लायनिंग बसवून मिळते. काचतंतू आणि अरामिड तंतूंनी ते काम कधीच हाती घेतले आहे. ट्रक जुना राहू द्यावा, लायनिंग मात्र नवी असावी.