सूर्य थांबला म्हणजे काय झाले?

१६१३ सालचा डिसेंबर महिना. इटलीतील पिसा शहरी तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा मुक्काम होता. एके दिवशी सकाळच्या जेवणाला बेनेदेत्तो कास्तेल्ली यांना बोलावणे होते. ते पिसा विद्यापीठात गणित शिकवीत, बेनेडिक्टीन पंथाचे साधू होते आणि गॅलिलिओचे शिष्यही होते. जेवताना गुरूच्या चंद्रांविषयी बोलणे निघाले. जेवण आटोपून कास्तेल्ली बाहेर पडतात तोच त्यांना परत बोलावले गेले. राजमाता क्रिस्तीना यांच्या मनात एक शंका होती. पृथ्वी फिरते असे मानले, तर बायबलमधील वचनांचे काय करायचे?

ही शंका पोरकट नव्हती. जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात दहाव्या अध्यायात एका लढाईचे वर्णन आहे. लढाई संपेपर्यंत सूर्याने गिबोनवर आणि चंद्राने अयालोनच्या खोऱ्यावर थांबावे असे यहोशवा म्हणतो, आणि सूर्य थांबतो. जो मुळात चालतच नाही, त्याला ‘थांब’ कसे म्हणणार? पृथ्वी ढळणार नाही असे सांगणारी वचने स्तोत्रसंहितेतही आहेत, आणि ही स्तोत्रे मठामठांतून उपासनेत गायिली जात. तेव्हा प्रश्न केवळ खगोलशास्त्राचा नव्हता. आपण प्रार्थनेत म्हणतो ते खरे की खोटे, असा तो प्रश्न होता.

गॅलिलिओची गोष्ट आपण वर्गात बहुधा ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ अशी सांगतो. कागदपत्रे पाहिली तर वादाचा मोठा भाग वेगळ्याच गोष्टीवर होता असे दिसते. ग्रंथ वाचायचा कसा, आणि त्याचा अर्थ ठरवायचा कोणी?

प्रश्न जुनाच

हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना नवा नव्हता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी आपल्याच लोकांना बजावले आहे. आकाशाविषयी जे अनुभवाने आणि गणिताने कळते, त्याच्या उलट काहीतरी बायबलच्या नावावर बोलू नका. ऐकणारा जाणकार असला तर तो हसेल, आणि मग पुनरुत्थानाविषयीच्या तुमच्या बोलण्यावर तरी तो विश्वास का ठेवील?

प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन यांचे उत्पत्तीवरील भाष्य १५५४ सालचे आहे. उत्पत्तीत सूर्य आणि चंद्र यांना ‘दोन मोठ्या ज्योती’ म्हटले आहे. शनी चंद्राहून मोठा आहे हे खगोलशास्त्रज्ञांनी दाखवले आहे, हे कॅल्व्हिन मान्य करतात. मात्र मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले, असे ते सांगतात.

गॅलिलिओचे उत्तर

क्रिस्तीना यांच्या शंकेची हकिगत कळताच गॅलिलिओने २१ डिसेंबर १६१३ रोजी कास्तेल्लींना दीर्घ पत्र लिहिले. १६१५ साली तेच विचार वाढवून त्याने खुद्द क्रिस्तीना यांना उद्देशून पत्र लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बायबल चुकत नाही, पण त्याचा अर्थ लावणारा चुकू शकतो. बायबलचा हेतू मुक्तीचा मार्ग दाखवणे हा आहे, ग्रहगती शिकवणे हा नाही.

पुढचा मुद्दा तर शिक्षकांनी फळ्यावर मांडावा असा आहे. टॉलेमीच्या जुन्या पद्धतीत सूर्याचे रोजचे उगवणे-मावळणे ही त्याची स्वतःची गती नव्हतीच. सर्वांत बाहेरचा गोल सगळ्या आकाशाला पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवी. सूर्याची स्वतःची गती उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे, दिवसाला सुमारे एक अंश. त्यामुळे सूर्य ताऱ्यांच्या मानाने रोज सुमारे चार मिनिटे मागे पडतो. आता फक्त सूर्याची ही गती थांबवली, तर दिवस वाढणार नाही. उलट चार मिनिटांनी कमी होईल! म्हणजे जुने खगोलशास्त्र मानणाऱ्यालाही ते वचन शब्दशः घेता येत नव्हते.

गॅलिलिओ इथेच थांबला असता तर बरे झाले असते. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्याला सौरडागांवरून कळले होते. ते फिरणे थांबले की ग्रहही थांबतील, असे म्हणून त्याने यहोशवाचे वचन कोपर्निकसच्या बाजूने वळवून घेतले. बायबलमध्ये खगोलशास्त्र शोधू नका म्हणणाऱ्यानेच ते तिथे शोधले.

कार्डिनलची अट

१५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठराव केला होता, की प्राचीन धर्माचार्यांच्या एकमताविरुद्ध कोणीही बायबलचा अर्थ लावू नये. प्रॉटेस्टंट चळवळीमुळे चर्चला हा अधिकार सोडवत नव्हता. या पार्श्वभूमीवर कार्डिनल बेलार्मिन यांनी १२ एप्रिल १६१५ रोजी फोस्कारिनी नावाच्या कार्मेलाइट साधूला पत्र लिहिले. पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला, तर ‘आम्हाला ही वचने समजली नव्हती’ असे म्हणावे लागेल, हे त्यांनी मान्य केले. पण असा पुरावा त्यांना कोणी दाखवला नव्हता.

पुराव्याची ही मागणी गैर म्हणता येईल का? गॅलिलिओ भरती-ओहोटीचा पुरावा देत होता, आणि तो चुकीचा होता. परंतु बेलार्मिन यांचे दुसरे विधान असे, की एखादी गोष्ट विषयामुळे श्रद्धेची नसली तरी सांगणाऱ्यामुळे श्रद्धेची होते. या न्यायाने बायबलमधील कोणतेच वाक्य तपासणीसाठी मोकळे राहत नाही.

५ मार्च १६१६ च्या हुकुमात काय झाले ते बोलके आहे. कोपर्निकसचा ग्रंथ ‘दुरुस्ती होईपर्यंत’ स्थगित झाला. दुरुस्त्या १६२० साली जाहीर झाल्या. बायबल आणि कोपर्निकस यांचा मेळ घालू पाहणाऱ्या फोस्कारिनीच्या पुस्तकावर मात्र पूर्ण बंदी आली. गणितापेक्षा अर्थ लावणे अधिक धोक्याचे ठरले. १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले.

आणि नंतर

पुरावे सावकाश आले. १७२८ च्या सुमारास ब्रॅडलीने ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपायन ओळखले आणि १८३८ साली बेसेलने एका ताऱ्याचा पराशय मोजला. १८३५ सालच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांचे ग्रंथ नव्हते. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी बायबल निसर्गाविषयी दिसते तसे बोलते, असे अधिकृतपणे लिहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली सांगितले, की या बाबतीत गॅलिलिओ आपल्या विरोधी धर्मपंडितांपेक्षा अधिक जाणता ठरला.

२०१८ साली कास्तेल्लींना लिहिलेल्या पत्राची मूळ प्रत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात सापडली. बायबलमधील काही विधाने शब्दशः घेतल्यास ‘खोटी’ आहेत, असे गॅलिलिओने आधी लिहिले होते. मग तो शब्द खोडून ती सत्याहून ‘वेगळी दिसतात’ असे केले. एका शब्दाची ही खाडाखोड त्या काळची भीती सांगून जाते.

पृथ्वीच्या अढळपणाची ती स्तोत्रे चर्चमध्ये आजही गायिली जातात. कोणी ती काढून टाकली नाहीत, आणि गाणाऱ्यांची श्रद्धाही त्यामुळे ढळली नाही. वर्गात मुलांना एवढेच विचारावे : ‘सूर्य मावळला’ असे आपण रोज म्हणतो, तेव्हा आपण खोटे बोलतो का? उत्तर शोधताना मुले क्रिस्तीना यांच्या शंकेपर्यंत आपोआप येऊन पोचतील.