हेतुबद्ध देणगी आणि मुक्त देणगी : फरक काय?

‘या पैशांतून शाळेसाठी संगणकच घ्या’ असे सांगून संस्थेला दिलेली रक्कम म्हणजे हेतुबद्ध देणगी. ‘गरज असेल तिथे वापरा’ असे म्हणून दिलेली रक्कम म्हणजे मुक्त देणगी. मुक्त देणगीही संस्थेच्या उद्दिष्टांबाहेर खर्च करता येत नाही. मात्र पगार, भाडे की औषधे, हे संस्था ठरवते.

कंपन्यांचा पैसा हेतुबद्ध का असतो?

पिंपरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात वाहन उद्योगातील मोठे कारखाने आहेत. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्च करावी लागते. त्यात कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

मंजूर कामासाठीच पैसा वापरला गेला, असे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्तप्रमुखाला द्यावे लागते. 2021 च्या सुधारणेनंतर संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरली जात नाही. त्यामुळे कंपन्या नेमका प्रकल्प, मुदत आणि मोजता येईल असे काम मागतात.

अडचण कुठे येते?

समजा, खेड तालुक्यातील एका शाळेत एखाद्या संस्थेने कंपनीच्या पैशांतून संगणककक्ष उभारला. दोन वर्षांनी प्रकल्प संपला. संगणक आहेत, पण शिकवणाऱ्याचा पगार आणि दुरुस्तीचा खर्च कुठल्याच देणगीत बसत नाही. हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यालयाचे भाडे यांचेही तसेच. हा खर्च ‘वरचा’ वाटतो, पण त्यावाचून काम चालत नाही. तो भागतो मुक्त देणगीतून.

मग अट घालणे चूक का?

नाही. नवख्या संस्थेला पैसे देताना, मोठ्या बांधकामासाठी किंवा आपत्तीच्या मदतीसाठी अट योग्यच. हिशेब तपासणे सोपे जाते. पण संस्थेचे काम अनेक वर्षे पाहिलेले असेल, तर प्रत्येक रुपयाला अट लावून फारसे काही साधत नाही. अमेरिकेतील मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 पासून संस्थांची आधी छाननी करून मोठ्या मुक्त देणग्या दिल्या आहेत. महाराष्ट्रात ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात संस्थांची ओळख करून दिली जाते आणि वाचक संस्थेच्या नावाने धनादेश देतात.

देणगीदाराने काय पाहावे?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला सादर करावे लागतात. संस्थेकडे गेल्या 3 वर्षांचे हिशेब मागावेत, काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि मग ठरवावे. कंपनीवर कायद्याची बंधने असतात. महिन्याला 500 रुपये देणाऱ्या कामगारावर ती नसतात. म्हणूनच त्याची छोटी, पण मुक्त देणगी संस्थेला अनेकदा जास्त उपयोगी पडते.