पागा मोडली, विद्येचे काय झाले?

नागपूरच्या धंतोलीत रस्त्याने पाट्या वाचत चालले, तर वैद्यकशास्त्रातल्या सगळ्या पदव्या पाठ होतात. हाडांचे डॉक्टर, हृदयाचे, डोळ्यांचे, लहान मुलांचे. प्रत्येक नावापुढे तीन-चार अक्षरी पदव्यांची माळ. लग्नसराईत याच पाट्यांखालून एखादी सजवलेली घोडी नवरदेवाला घेऊन जाते. तिचा लगाम धरून चालणाऱ्या माणसाच्या नावापुढे काहीच लागत नाही. ढोल अगदी जवळ वाजू लागला की घोडीच्या मानेवर हात कुठे ठेवायचा हे त्याला ठाऊक असते. कोणत्या पायाची नाल सैल झाली हे तो टापांच्या आवाजावरून ओळखतो. ही विद्या त्याला कोणी शिकवली आणि ती शिकवणारी शाळा कुठे गेली, याचा शोध आम्हाला घ्यायचा आहे. घोड्यांच्या धंद्यातील रोजगार आणि शिक्षण असे रुक्ष नाव या विषयाला देता येईल. पण सईस, नालबंद, टांगेवाले यांच्यात मुसलमानांचा भरणा मोठा होता, त्यामुळे हा आपल्याच घरातला इतिहास आहे. सांगली-साताऱ्याकडे आजही नालबंद आणि बारगीर ही आडनावे भेटतात. धंदा गेला, आडनाव उरले.

या धंद्यात पूर्वी किती पायऱ्या होत्या हे पाहायचे तर अबुल फजलची ‘आईन-ए-अकबरी’ उघडावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात बादशाही तबेल्यातील चाकरांची यादीच दिली आहे. सगळ्यांत वर अतबेगी, हा मोठा अमीर. त्याच्याखाली दारोगा, हिशेब ठेवणारा मुश्रीफ, घोड्यांची पारख करणारे, चाल शिकवणारा चाबूकस्वार, आजार पाहणारा बैतार, नालबंद, खोगिराची देखभाल करणारा जीनदार, पाणी भरणारा आबकश, झाडलोट करणारा खाकरोब. घोड्यांना पहिल्या चाली शिकवणाऱ्या हाडा रजपुतांचीही नोंद आहे. म्हणजे हे काम कोणा एका धर्माचे नव्हते. सिपंदसोज नावाचा एक चाकर तर फक्त घोड्यांची दृष्ट काढण्यासाठी सिपंदाचे बी जाळत फिरे. आज हसू येते, पण लाखमोलाचा घोडा मेला तर भरपाई देणारी विमा कंपनी तेव्हा नव्हती!

या यादीतले आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मीरदहा हे पद. साध्या सईसांपैकी जो अनुभवाने तयार होई त्याला दहा जणांवर नेमत. खरारा करणाऱ्या, तोबरा बांधणाऱ्या माणसाला वर चढायला निदान एक पायरी होती, आणि ती चढायला त्याला तबेल्याबाहेर जावे लागत नव्हते.

हाताच्या विद्येला पुस्तकांचीही जोड होती. प्राचीन शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत अश्ववैद्यकाचे फार्सी भाषांतर दख्खनमध्ये बहामनी काळातच अब्दुल्ला इब्ने सफी याने केले. पुढे शहाजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोज जंगने पुन्हा तेच काम हाती घेतले. अशा पुस्तकांना फरसनामा म्हणत. उर्दू शायर सआदत यार खान ‘रंगीन’ यानेही १७९५ मध्ये एक फरसनामा लिहिला. रंगीन म्हटले की आपल्या मंडळींना त्याची रेख्ती आठवते आणि ते गालात हसतात. पण हाच माणूस घोड्याचे दात पाहून वय कसे ठरवावे हेही जाणत होता. शालिहोत्र या संस्कृत नावापासून सालोत्री हा शब्द झाला आणि तो घोड्याच्या वैद्याला लागला, मग तो वैद्य हिंदू असो की मुसलमान. बैतार हा शब्द अरबीतून आला, आणि अरबीत तो ग्रीकमधून आला होता. विद्या अशीच हिंडते.

मराठीने तर हा सगळा तबेला आपल्या घरात बांधला. पागा, खोगीर, लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तोबरा, मोतद्दार, अबलख, मुश्की हे शब्द उच्चारताना आपण फार्सी-अरबी बोलतो आहोत असे कोणालाही वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. कागदावर ते शोभले. घोड्याजवळ मात्र खोगीर आणि लगामच राहिले, कारण हे शब्द रोज हातात धरायचे होते.

स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, हा मराठी फौजेतला भेद नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर बंगालपर्यंत गेला. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत पहिल्या रघूजींच्या घोडदळाने तिथे जी लूट केली, तिच्यामुळे बारगीराचा ‘बर्गी’ झाला आणि बंगाली आयांच्या अंगाईत मुलांना भीती घालण्यासाठी बसला. घोड्याचा इतिहास सांगताना ही बाजू झाकू नये.

नागपूरच्या पागेचा शेवट धंतोलीपासून हाकेच्या अंतरावर झाला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. अप्पासाहेबांच्या बाजूने अरब शिपाई चिवटपणे लढले. दुसऱ्या बाजूने कंपनीच्या बंगाल घोडदळाच्या थोड्या तुकड्यांनी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या हाताखाली मैदानात मुसंडी मारली आणि लढाईचे पारडे फिरले. त्यानंतर राज्य नावापुरतेच चालले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून लिलावात काढले गेले. जनावरे मातीमोलाने गेली, अशी तक्रार इंग्रज इतिहासकार के यानेही नोंदवली आहे. घोड्याला बोली लागते. त्याच्या मोतद्दाराला, नालबंदाला, सालोत्र्याला बोली लागत नाही. त्यांचे काय झाले हे कोणत्याही लिलावाच्या कागदात मिळणार नाही.

पण अंदाज करता येतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेने घोडा संपवला असे आपण सहज म्हणतो, पण शहरात आधी उलटेच घडले. स्टेशनवर उतरलेला माणूस घरी जाणार कसा? टांग्याने. कचेरी, कोर्ट, दवाखाना यांच्या भोवती शहर वाढत गेले आणि धंतोलीसारख्या वकील-डॉक्टरांच्या वस्तीला टांग्याची गरज पडली. पागेतली विद्या टांग्याच्या अड्ड्यावर आली. दहा-बारा वर्षांचा मुलगा आधी लीद काढी, मग चंदी भिजवी, खरारा करी, आणि पुष्कळ लाथा खाल्ल्यावर एक दिवस बापाच्या शेजारी बसून लगाम धरी. नालबंदाचा मुलगा आधी भाता ओढी. खूर किती तासायचा, खिळा कोणत्या तिरकसपणाने मारायचा म्हणजे जिवंत भागाला लागणार नाही, हे त्याला बापाचा हात पाहून येई. खिळा एवढासा चुकला तरी घोडा लंगडतो आणि त्या घराची चूल बंद होते. परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त तिचे प्रमाणपत्र मिळत नव्हते.

प्रमाणपत्र दुसरीकडे मिळू लागले होते. जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय १७६२ मध्ये फ्रान्समधल्या लिओंला सुरू झाले. त्याचा संस्थापक क्लोद बूर्झला हा घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख होता, म्हणजे तिकडे तबेल्यातूनच कॉलेज उगवले. आपल्याकडे १८६२ मध्ये पुण्याला लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, १८८२ मध्ये लाहोरला आणि १८८६ मध्ये मुंबईत परळला कॉलेज झाले. लाहोरला शिक्षण उर्दूतून होते. सईस-सालोत्र्यांच्या घरातला मुलगा तिथे निदान पुस्तक वाचू शकत होता. परळला इंग्रजी लागे. फरक एवढाच, पण पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा.

नव्या शास्त्राने जुन्या माणसांकडून घेतले नाही असे मात्र नाही. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात एक परजीवी जंतू पाहिला. त्या रोगाला तिथली माणसे आधीपासून ‘सर्रा’ म्हणत होती. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रोगाचे नाव आजही सर्रा हेच आहे, आणि जंतूला नाव मिळाले ते इव्हान्सचे. श्रेयाची वाटणी अशी झाली. इव्हान्सचे काम मोठे होते यात शंका नाही, पण नाव सांगणारे निनावी राहिले हेही खरे.

नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये सेमिनरी हिल्सला सुरू झाले. २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे मुख्यालयही नागपूरच. म्हणजे विदर्भातल्या टांगेवाल्यांच्या आणि नालबंदांच्या दारात राज्याचे अख्खे पशुविज्ञान येऊन बसले. पण ते आले तेव्हा देशाला दूध हवे होते. गाय, म्हैस आणि कोंबडी यांना अग्रक्रम मिळाला, आणि ते स्वाभाविकच होते. टांगाही तेव्हा उतरणीला लागला होता. १९८४ च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरालाच पशुवैद्यकीचा अधिकार दिला. भोंदूगिरी थांबावी म्हणून तो हवाच होता. पण जुन्या जाणकाराला प्रशिक्षण देऊन त्याच्या कामापुरती मान्यता द्यावी, हा विचार कोणी केला नाही. आज पदवीचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून होतो. अड्ड्यावर वाढलेल्या, आठवीत शाळा सुटलेल्या मुलाने ती वाट कशी गाठावी?

इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने नालबंदांची नोंदणी सक्तीची केली, पण त्याबरोबर मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करण्याची रीतही टिकवली. तिथे बापाच्या भात्याशेजारी बसणे हेच शिक्षण मोजले जाते. आपल्याकडे ते बालपण वाया गेले असे धरले जाते.

घोड्यांचा धंदा संपला असता तर हे सगळे गतकाळाचे रडगाणे ठरले असते. तो संपलेला नाही. १८८३ पासूनचे महालक्ष्मीचे मैदान आहे, पुण्याची शर्यत आहे, स्टड फार्म आहेत. जॉकी, ट्रेनर, सईस, नालबंद, घोड्यांचे डॉक्टर अशी मोठी साखळी तिथे काम करते. अस्लम कादरसारखे जॉकी नामवंत झाले. सायरस पूनावाला यांच्या कुटुंबाकडे घोड्यांची पैदास होती. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे लस बनवण्यासाठी हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्याच्या मालकाला घोड्यातून नवा उद्योग दिसला, याचे आम्हाला कौतुकच आहे. घोड्याच्या चाकराला तो दिसण्याची सोय नव्हती. सर्पदंशावरची लस आजही घोड्याच्या रक्तातूनच तयार होते. विदर्भातल्या शेतात साप चावलेला माणूस धंतोलीच्या दवाखान्यात वाचतो, तेव्हा कुठल्यातरी घोड्याची आणि त्याला रोज खरारा करणाऱ्याची मेहनत त्या कुपीत असते.

मुंबईच्या व्हिक्टोरियांची गोष्ट याच्या अगदी उलट. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मौजेसाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले. घोड्यांचे हाल होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर पुनर्वसनाची चर्चा निघाली ती एकरकमी पैसे किंवा फेरीवाल्याचा परवाना, अशी. पिढ्यान्‌पिढ्या घोडा सांभाळणाऱ्या माणसाला काय विकायला बसवणार? घोड्यांचे हाल थांबवण्यासाठी तोच घोड्याचा शिकलेला सेवक होऊ शकतो, ही शक्यता त्या चर्चेत आम्हाला कुठे दिसली नाही. २००६ मध्ये पुणे-पाचगणीकडे घोड्यांना ग्लँडर्स झाला होता. माणसालाही होणारा हा रोग, आणि त्यात जनावर मारण्याखेरीज इलाज नाही. अशा वेळी नाकातला पहिला स्राव, कातडीवरची पहिली गाठ कोणाच्या नजरेला पडणार? सकाळी साडेपाचला खरारा करणाऱ्याच्याच. त्याला लक्षणे शिकवणे ही साऱ्या गावाच्या आरोग्याची गोष्ट आहे.

२००६ च्याच सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि हातकामात आहेत हे आकड्यांनी दाखवले. त्यावर आपल्या सभांमधून शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांची मागणी झाली, आणि ती योग्यच होती. मात्र हातात आधीच असलेल्या विद्येची मोजदाद आपणही केली नाही. नागपूरच्या महाविद्यालयाने वर्षातून दोन-तीन आठवडे लग्नाच्या घोडीवाल्यांसाठी आणि उरल्यासुरल्या नालबंदांसाठी वर्ग काढावा: खुराची रचना, जखम, पोटशूळ, लसीकरण, ग्लँडर्सची तपासणी. मराठीत आणि उर्दूत शिकवावे. आणि एखाद्या दिवशी म्हाताऱ्या नालबंदालाच फळ्याजवळ उभे करावे, म्हणजे पदवीच्या मुलांनाही खिळ्याचा तिरकसपणा कळेल. वर्ग निघेपर्यंत आपल्या मंडळींनी निदान मोहल्ल्यातल्या अशा वृद्धांकडे वही घेऊन बसावे. घोड्यांच्या रंगांची नावे, चालींची नावे, दुखण्यांवरचे उपाय, अड्ड्यांच्या जागा लिहून घ्याव्यात. त्यांतल्या बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.